जुना ४८६ पीसी पुन्हा सुरू करायचाय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१९९३ ते १९९६ या काळात आपल्याकडच्या ऑफिसांत, डीटीपीच्या दुकानांत, टायपिंग आणि कॉम्प्युटर क्लासमध्ये असेंबल केलेले ४८६ (म्हणजे ८०४८६ जातीच्या प्रोसेसरचे पीसी) मोठ्या संख्येने आले. त्यातले बरेच अजून माळ्यावर किंवा गोदामात पडून आहेत. पुढची उत्तरं अशा यंत्रांसाठी आहेत. ३८६ आणि सुरुवातीच्या पेंटियमलाही त्यातलं बरंच लागू पडतं. दोन गोष्टी आधीच सांगून ठेवतो. डिस्कवर काय आहे ते वाचून घेतल्याशिवाय काही बदलू नका. आणि जो बदल उद्या उलटा फिरवता येणार नाही, तो करू नका.

माळ्यावरून काढला आहे. प्लग लावून एकदा चालू करून बघू का?

नको. आधी कॅबिनेट उघडा आणि टॉर्चच्या उजेडात नीट बघा. झुरळांची अंडी, पालीची विष्ठा, उंदराचं मूत हे सगळं वीज वाहून नेतं आणि तांब्याचे ट्रॅक खातं. धूळ ब्लोअरने किंवा मऊ ब्रशने काढा. पंखे ब्लोअरखाली गरागरा फिरू देऊ नका, बोटाने धरून ठेवा. मग मदरबोर्डवरची बॅटरी बघा, एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) वेगळा तपासा, आणि हार्ड डिस्कची केबल काढून ठेवा. पहिल्यांदा यंत्र सुरू होईल तेव्हा डिस्क जोडलेली नसावी.

प्रत्येक कार्ड, केबल आणि जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. रिबन केबलची लाल कड कुठल्या बाजूला होती, हे नंतर आठवत नाही.

बॅटरीची एवढी काळजी कशासाठी?

कारण ४८६ मरतो तो बहुतेक वेळा तिच्यामुळेच. या बोर्डांवर, बहुधा कीबोर्डच्या सॉकेटजवळ, निळ्या किंवा हिरव्या वेष्टनातली पिंपासारखी ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी सोल्डर केलेली असते. तारीख, वेळ आणि बायोसची (यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमची) सेटिंग्ज ती धरून ठेवते. वीस-पंचवीस वर्षांत ती फुटते, आतलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर येतं, आणि हिरवट-निळी पूड धरते. हा अल्क ट्रॅकवरच्या हिरव्या लेपाखाली शिरतो आणि सरकत जातो. शेजारीच कीबोर्ड कंट्रोलर आणि आयसा स्लॉट (कार्डं बसवायच्या खाचा) असतात, त्यामुळे पहिली तक्रार बहुतेक वेळा ‘सगळं चालतं, कीबोर्ड चालत नाही’ अशी असते.

बॅटरी गळत नसली तरी काढाच. पाय कटरने कापा, उरलेलं नंतर सोल्डरिंग आयर्नने काढा. गळली असेल तर कापसाच्या काडीने पांढरं व्हिनेगर लावा. बुडबुडे येतील, ते थांबेपर्यंत लावत राहा. मग डिस्टिल्ड वॉटरने धुवा, शेवटी ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावा आणि एक दिवस पूर्ण वाळू द्या. नळाचं पाणी वापरू नका, त्यातले क्षार मागे राहतात. काळा पडलेला प्रत्येक ट्रॅक मल्टिमीटरच्या बीपवर तपासा. तुटला असेल तर दोन टोकांवरचा लेप ब्लेडने हलकेच खरवडून बारीक इन्सुलेटेड तार टाका. काम किचकट आहे, पण रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा जुना कारागीर ते सहज करून देतो.

नव्या बॅटरीसाठी बहुतेक बोर्डांवर बाहेरच्या बॅटरीच्या चार पिना असतात. तिथे सीआर२०३२ या नाण्यासारख्या लिथियम सेलचा होल्डर जोडायचा असेल तर मध्ये डायोड हवाच. बोर्ड जुनी बॅटरी चार्ज करायचा; तोच करंट लिथियम सेलमध्ये गेला तर सेल फुटू शकतो. शॉटकी डायोड घ्या, त्यात व्होल्टेज कमी वाया जातं. काही बोर्डांवर पिंपाऐवजी डॅलस कंपनीचं काळं चौकोनी मॉड्यूल असतं. त्याच्या आतच सेल असतो, तो संपला की मॉड्यूल बदलायचं किंवा वरून कोरून बाहेरचा सेल जोडायचा.

एसएमपीएस कसा तपासू?

हा भाग दोनदा वाचा. एटी (त्या काळच्या पद्धतीच्या) कॅबिनेटमध्ये पुढच्या पॅनेलवरचं पॉवर बटण थेट घरातली २३० व्होल्टची वीज तोडतं-जोडतं. म्हणजे एसएमपीएसमधून निघालेली जाड केबल कॅबिनेटभर फिरून पुढे येते आणि तिच्या टोकाला मेन्स असते. तिथलं प्लास्टिक वेष्टन कडक होऊन तडकलेलं असेल तर आधी ते बदला. प्लग काढल्याशिवाय त्या बटणाच्या वायरींना हात लावायचा नाही. मागे ११५/२३० चा लाल स्विच असेल तर तो २३० वर आहे ना, बघा.

मग एसएमपीएस बोर्डपासून सोडवा. लोड म्हणून निकामी झालेली जुनी हार्ड डिस्क लावा, कारण काही जुने एसएमपीएस लोडशिवाय चालूच होत नाहीत. पहिल्यांदा वीज देताना सिरीज बल्ब (मेन्सच्या वाटेत जोडलेला साधा फिलामेंटचा बल्ब) लावून द्या. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. लख्ख पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे. त्यानंतर सिरीज बल्ब काढून लाल वायरवर मोजा. ४.७५ ते ५.२५ व्होल्टच्या आत असेल तर बोर्डला जोडा. एसएमपीएस उघडून आत काम करायचा सराव नसेल तर उघडू नका; प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो.

बोर्डला जोडताना दोन सहा-सहा पिनांचे कनेक्टर येतात, पी८ आणि पी९. नियम एकच: काळ्या वायरी मधोमध, एकमेकींना चिकटून. उलटे लावलेत तर बोर्ड जळतो.

जुना एटी एसएमपीएस गेला. नवा एटीएक्स चालेल?

चालतो. एटीएक्स ही एटीनंतरची पद्धत, तिच्यासाठी एटीएक्स-टू-एटी कनव्हर्टर केबल मिळते. दोन गोष्टी ध्यानात ठेवा. नव्या एसएमपीएसमध्ये उणे ५ व्होल्ट नसतो. मदरबोर्डला सहसा तो लागत नाही, पण काही जुन्या आयसा साउंड कार्डांना लागतो. दुसरं, एटीएक्स चालू करायला हिरवी वायर काळीला जोडावी लागते. पुढचं जुनं बटण त्यासाठी वापरता येतं, मात्र त्याच्यावरच्या मेन्सच्या वायरी पूर्ण काढून टाकल्यावरच.

पंखा फिरतो, पण स्क्रीन काळीच.

सगळं काढा. फक्त मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, डिस्प्ले कार्ड आणि स्पीकर ठेवा. रॅमच्या आणि कार्डांच्या पिना साध्या पांढऱ्या खोडरबराने पुसा आणि चुरा झटका. ही आपल्याकडच्या प्रत्येक हार्डवेअरवाल्याची पहिली युक्ती आहे आणि ती खरोखर लागू पडते. सिम रॅम (त्या काळच्या रॅमच्या पट्ट्या) काढताना दोन्ही बाजूंच्या क्लिपा एकदम बाहेर दाबा आणि रॅम पुढे झुकवा. त्या क्लिपा प्लास्टिकच्या असतील तर तीस वर्षांनी बिस्किटासारख्या मोडतात.

तरीही काही नाही, तर आयसा स्लॉटचं डीबग कार्ड लावा. त्याच्यावरचा दोन आकडी कोड बायोस कुठे अडकला ते सांगतो. एसएमपीएस क्षणात बंद पडत असेल तर टँटालम कपॅसिटर बघा, विशेषतः १२ व्होल्टच्या लाइनवरचे पिवळे थेंबाच्या आकाराचे. ते शॉर्ट होतात, कधी धूर काढून फुटतात. बदलताना लक्षात ठेवा: टँटालमवरची खूण धन टोकाची असते, तर साध्या इलेक्ट्रोलायटिकवरचा पट्टा ऋण टोकाचा. मदरबोर्डवरचे इलेक्ट्रोलायटिक सरसकट बदलायची गरज नाही. फुगून फुटणाऱ्या कपॅसिटरची साथ पेंटियम ३ आणि पेंटियम ४ च्या काळातली. ४८६ वरचे सहसा अजून ठणठणीत असतात.

हार्ड डिस्क अजून फिरते. तीच वापरू ना?

आधी तिची पूर्ण प्रत काढा. जुनी डिस्क सुरू झाली म्हणजे परवा सुरू होईलच असं नाही. काहींच्या आतलं रबर विरघळून चिकट होतं आणि हेड तिथेच अडकून बसतं. म्हणून ती ज्या दिवशी चालेल त्या दिवशीच वाचून घ्या.

बाजारात मिळणाऱ्या यूएसबी-आयडीई केबलवर (आयडीई म्हणजे जुन्या डिस्कची जोडणी) ही डिस्क बहुधा दिसणार नाही, आणि लोक समजतात डिस्क गेली. कारण वेगळं आहे. या डिस्क सिलिंडर-हेड-सेक्टर पद्धतीने (जागा तीन आकड्यांनी सांगून) बोलतात, केबलमधली चिप मात्र फक्त नवी, एकाच क्रमांकाची एलबीए पद्धत जाणते. त्यासाठी मदरबोर्डवरच आयडीई पोर्ट असलेला पेंटियम ४ च्या काळातला पीसी शोधा, त्यावर लिनक्स चालवा आणि डीडीरेस्क्यूने प्रत घ्या. हे साधन आधी वाचता येईल तेवढं वाचतं आणि खराब जागांकडे शेवटी वळतं, त्यामुळे म्हाताऱ्या डिस्कवर कमीत कमी ताण येतो.

फ्लॉप्यांवर पांढरे डाग आहेत.

ती बुरशी. मुंबई आणि कोकणातल्या फ्लॉप्यांवर ती हमखास असते. धातूचं झाकण सरकवून चकती हाताने फिरवत दोन्ही बाजू बघा. डाग असलेली फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालू नका. हेड खराब होतं आणि पुढची चांगली फ्लॉपीही ओरखडली जाते. आतला मजकूर मोलाचा असेल तर खोळ उघडून चकती काढायची, डिस्टिल्ड वॉटर आणि किंचित सौम्य साबणाने अलगद धुवायची, वाळवायची आणि दुसऱ्या स्वच्छ खोळीत घालून लगेच वाचायची. वाचायला ग्रीझवीझल नावाचा छोटा बोर्ड मिळतो. तो साधा फ्लॉपी ड्राइव्ह यूएसबीवर आणतो आणि चकतीवरचे चुंबकीय बदल जसेच्या तसे टिपतो, म्हणून डॉस (त्या काळची ऑपरेटिंग सिस्टिम) जिथे हात टेकतं तिथेही कधी कधी मजकूर हाती लागतो.

रोजच्या वापरासाठी ड्राइव्हच्या जागी गोटेक लावा. पेन ड्राइव्हवरच्या फाइली तो फ्लॉपी म्हणून दाखवतो. त्यावर फ्लॅशफ्लॉपी हे फर्मवेअर घाला.

डिस्कवर मराठी फाइली सापडल्या, पण सगळी चित्रविचित्र चिन्हं दिसतात. वाचता येतील का?

बऱ्याचदा येतात. या सगळ्या उद्योगातलं सर्वांत मोलाचं काम मला हेच वाटतं. यंत्र दुसरं मिळेल. एखाद्या गावच्या वाचनालयाची यादी किंवा कोणाच्या आजोबांनी टाइप केलेलं आत्मचरित्र दुसरं मिळत नाही.

आधी फाइल कुठल्या जातीची आहे ते ओळखा. दोन मुख्य जाती आहेत.

पहिली इस्की, म्हणजे भारतीय लिप्यांचा संकेत. कॉम्प्युटरवर भारतीय लिप्या आणणाऱ्या जिस्ट तंत्रज्ञानाचं काम आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालं आणि पुढे पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संस्थेकडे आलं. जिस्ट कार्ड आयसा स्लॉटमध्ये बसवलं की डीबेस किंवा वर्डस्टारसारख्या साध्या डॉस प्रोग्रॅममध्येही देवनागरी टाइप करता यायची. हा मजकूर इस्की या संकेतात साठायचा, जो १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून ठरला. इस्कीत अक्षराचा संकेत उच्चाराप्रमाणे असतो. ‘क’ म्हणजे हेक्समध्ये (१६ आधाराच्या अंकपद्धतीत) बी३ आणि हलन्त म्हणजे ई८. कार्डाशिवाय साध्या डॉसमध्ये फाइल उघडली तर बी३ च्या जागी चौकटी आखायची उभी रेघ दिसते आणि ई८ च्या जागी ग्रीक फाय. मजकुरात अशा उभ्या रेघा जागोजागी दिसल्या, तर आनंद माना: फाइल इस्की असण्याची दाट शक्यता आहे. युनिकोडमधली देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवरूनच घेतलेली असल्याने रूपांतर सरळ होतं. आयसीयू या मुक्त लायब्ररीत इस्कीची सोय आहे. डीबेसच्या फाइलमध्ये रकान्यांची रुंदी ठरलेली असते, म्हणून अख्खी फाइल एकदम बदलू नका; रकाना काढून त्यातला मजकूर बदला.

दुसरी जात फाँटवर बेतलेली. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी आणि त्या काळची इतर डीटीपी सॉफ्टवेअर यात येतात. इथे संकेत अक्षराला नसून आकाराला असतो: अर्धा क वेगळा, काना वेगळा, रफार वेगळा. त्यामुळे त्या नेमक्या फाँटसाठीच बनवलेलं कनव्हर्टर लागतं. म्हणून डिस्कवरच्या फाँटच्या फाइलीही जपून ठेवा, नुसता मजकूर उचलू नका.

आणि प्रिंटरच्या पोर्टला मागे एखादी छोटी डबी अडकवलेली असेल तर ती फेकू नका. तो सॉफ्टवेअरचा हार्डवेअर लॉक असतो. तो नसेल तर प्रोग्रॅम उघडतच नाही.

हार्ड डिस्कच्या जागी काय लावू?

कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड आणि साधा आयडीई अडॅप्टर. हे कार्ड आयडीईचीच भाषा बोलतं. जुन्या बायोसची मर्यादा १०२४ सिलिंडर, १६ हेड, ६३ सेक्टर, म्हणजे ५२ कोटी ८४ लाख ८२ हजार ३०४ बाइट. ५१२ एमबीचं कार्ड बहुधा त्यात बसतं आणि काही खटपट लागत नाही. सेटअपमध्ये डिस्कचा प्रकार ४७ निवडून आकडे हाताने भरा.

मोठं कार्ड हवं असेल तर एक्सटीआयडीई युनिव्हर्सल बायोस वापरा. हा छोटा प्रोग्रॅम ८ केबीच्या ईपीरॉम चिपमध्ये भरून नेटवर्क कार्डावरच्या बूट रॉमच्या सॉकेटात बसवायचा. मदरबोर्डला हात लागत नाही, म्हणून मला हा उपाय सर्वांत पसंत आहे. डॉस ६.२२ चं पार्टिशन मात्र २ जीबीच्या वर जात नाही.

रॅम किती करू?

डॉस आणि विंडोज ३.१ साठी ८ एमबी पुरते, १६ एमबी चैन. ३० पिनांच्या सिम असतील तर चार-चारच्या गटात घालाव्या लागतात, कारण एक सिम ८ बिटांची आणि प्रोसेसर ३२ बिटांचा. ७२ पिनांची एकटीही चालते.

प्रोसेसर बदलून वेग वाढेल?

वाढेल, पण व्होल्टेज बघा. डीएक्स२-६६ पाच व्होल्टवर चालतो, डीएक्स४-१०० साधारण ३.३ वर आणि एएमडीचा ५एक्स८६-१३३ साधारण ३.४५ वर. बोर्डवर व्होल्टेजचे जंपर नसतील तर डीएक्स४ सरळ बसवू नका, पाच व्होल्टवर तो जळतो. जंपरचे तक्ते ‘द रेट्रो वेब’ या साइटवर बोर्डच्या फोटोवरून शोधता येतात.

एसएक्स काढून डीएक्स२ घालणं हा सर्वांत सुखाचा बदल. एसएक्समध्ये गणिती सहप्रोसेसर नसतो, डीएक्समध्ये असतो. कॅश मेमरीच्या (प्रोसेसरजवळच्या वेगवान मेमरीच्या) चिपा रिकाम्या सॉकेटांत घालूनही फरक जाणवतो. त्या काळच्या काही स्वस्त बोर्डांवर मात्र कॅशच्या चिपा खोट्या होत्या, नुसतं प्लास्टिक आणि पाय. कॅश तपासायचा प्रोग्रॅम चालवून खात्री करा.

समोरचा ‘६६’ आकडा आता चुकीचा दाखवतो.

तो आकडा काही मोजत नाही. डिस्प्लेच्या मागे छोट्या पिनांची रांग असते. आकड्याची एकेक दांडी टर्बो दाबल्यावर पेटावी की सोडल्यावर, हे तिथले जंपर ठरवतात. प्रोसेसर बदलला की जंपर हाताने बदलायचे. टर्बो बटण खरं तर यंत्र मुद्दाम हळू करण्यासाठी आहे, कारण जुने गेम प्रोसेसरच्या वेगावर धावायचे आणि ४८६ वर हाताबाहेर जायचे.

कीबोर्ड, माउस, मॉनिटर?

मोठ्या गोल पाच पिनांच्या सॉकेटला पीएस/२ कीबोर्ड साध्या कनव्हर्टरने चालतो. जुना टीव्हीएस गोल्ड मिळाला तर सोडू नका. चेरीच्या मेकॅनिकल स्विचचा तो कीबोर्ड आपल्याकडे बँका आणि डीटीपीवाल्यांनी वर्षानुवर्षं बडवला आणि तरी टिकला. माउस सीरियल लागतो.

साधा व्हीजीए एलसीडी चालतो, फक्त ४:३ आकाराचा घ्या. सीआरटी असेल तर वापरा, पण उघडू नका. रंगीत ट्यूबच्या ॲनोडवर वीस हजार व्होल्टच्या वर दाब असतो.

साउंड कार्ड वाजत नाही.

बहुतेक वेळा आयआरक्यूचा (कार्डाच्या इशाऱ्यासाठी ठरलेल्या क्रमांकाचा) घोळ. साउंड ब्लास्टर १६ साठी पत्ता २२०, आयआरक्यू ५, डीएमए १ ठेवा आणि ऑटोएक्झेक या सुरुवातीला चालणाऱ्या फाइलमधली ब्लास्टरची ओळ त्याच आकड्यांशी जुळवा.

पिवळं पडलेलं कॅबिनेट पांढरं करू?

एबीएस प्लास्टिकमध्ये आग रोखण्यासाठी ब्रोमीनची संयुगं घातलेली असतात. ऊन आणि वर्षांनी रंग बदलतो. सलूनमध्ये वापरतात ते १२ टक्क्यांचं पेरॉक्साइड क्रीम लावून, पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळून उन्हात ठेवलं की तो उतरतो. हातमोजे घाला. आपल्याकडचं एप्रिल-मेचं ऊन फार कडक, क्रीम वाळून पट्टे उठतात. सकाळचं ऊन घ्या आणि भाग वरचेवर फिरवा. पिवळेपणा काही वर्षांनी परत येऊ शकतो. रंग सगळीकडे सारखा पिवळा असेल तर मी हात लावत नाही. ऑफिसचा नंबर रंगवलेला असेल किंवा हळद-कुंकवाचं बोट उमटलेलं असेल, तर अजिबात नाही. दसऱ्याला पूजा झालेल्या यंत्राची ती खूण आहे.

इंटरनेट?

आजच्या साइट उघडणार नाहीत. पण एनई२००० धाटणीचं आयसा कार्ड आणि एमटीसीपी हे डॉसचं नेटवर्क सॉफ्टवेअर घातलं की घरच्या नेटवर्कवरून एफटीपीने फाइली आणता-नेता येतात, आणि तेवढ्याने फ्लॉपीची निम्मी धावपळ वाचते.

भाग कुठे शोधू?

मुंबईत लॅमिंग्टन रोडला आता नवा माल जास्त, पण वरच्या मजल्यांवरच्या जुन्या दुरुस्तीवाल्यांकडे विचारा. पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार. गावातला भंगारवाला तर हवाच. त्याला सांगून ठेवा. सिरॅमिक प्रोसेसरमध्ये सोनं असल्यामुळे ४८६ आधी तोडला जातो, म्हणून भाव वजनावर न करता अख्ख्या नगावर करा आणि कार्डं उपसण्याआधी उचला. सीआरटी कुरिअरने मागवू नका, स्वतः जाऊन गाडीत घालून आणा.

काढलेले जुने भाग ठेवायचे?

बॅटरी सोडून सगळे. बॅटरी ई-कचऱ्यात द्या, त्यात कॅडमियम आहे. जुनी हार्ड डिस्क, एसएक्स प्रोसेसर, चार एमबीच्या सिम वेगवेगळ्या अँटिस्टॅटिक पिशव्यांत, सिलिका जेलची पुडी घालून, वर कुठल्या यंत्रातून काढलं ते लिहून ठेवा. पुडी पावसाळ्यानंतर बदला.